शोकेसमधलं बाळ

तुळजापुरात बसस्टँडकडून देवळाकडे जाताना डाव्या हाताला एक जुना फोटो स्टुडिओ लागतो. त्याच्या शोकेसमध्ये एका चार महिन्यांच्या बाळाचा मोठा फोटो आहे. ते बाळ मी आहे. माझं वय आता बेचाळीस, आणि गेली सतरा वर्षं तो फोटो तिथून खाली उतरवायचा, हे माझ्या आयुष्यातलं एक ठरलेलं काम होतं. शाळेची नोकरी, घर, डोळ्यांत घालायचे थेंब आणि हे काम. मी डूख धरणारी बाई आहे. चौथीत मला काणी म्हणणाऱ्या मुलीच्या दप्तरात मी खाजकुयली टाकली होती. पुढे तिची मुलगी माझ्याच वर्गात आली, तेव्हा त्या पोरीला मी पहिल्या बाकावर बसवलं आणि पालकसभेत तिच्या आईला शेवटच्या. माझ्या घरच्यांना हा स्वभाव माहीत आहे आणि ते जपून असतात.

फोटो काढणारे माझ्या वडिलांचे मावसभाऊ, म्हणजे माझे काका. आमचं गाव जळकोटच्या अलीकडे. आई मला घेऊन देवीला आली होती आणि दर्शन झाल्यावर काकांच्या स्टुडिओत पाणी प्यायला थांबली. काकांनी मला पाहिलं आणि म्हणाले, हिचा फोटो काढल्याशिवाय जायचं नाही. फोटो कृष्णधवल, मागाहून हातानं रंगवलेला. ओठ गुलाबी, झबलं पिवळं, टोपड्याची किनार हिरवी, कपाळावर काळी तीट. पण रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो तो डोळ्यांपाशी. काळेभोर, टपोरे, पाणीदार, आणि दोन्ही बुबुळांत पांढरा चमकता ठिपका. बायका शोकेसच्या काचेला हात लावून तो हात कपाळाला लावायच्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

या फोटोचा किस्सा काका प्रत्येक लग्नात सांगत. नात्यातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तेच काढायचे, त्यामुळे तो किस्सा मी किती वेळा ऐकला त्याला गणतीच नाही.

"ही पोरगी लई हट्टी," ते सुरू करत. "लाईट लावला की डोळं गच्च मिटायची, तोंड फिरवायची, घळाघळा रडायची. सगळा रोल संपत आला. शेवटी म्या लाईट बंद केला, दाराचा पडदा ओढला, आन् फटीतनं येणाऱ्या उजेडात टिपली. हिच्या आईनं पदरानं डोळं पुसलं, तेवढ्यात बटण दाबलं."

लोक वाहवा करत. मीही हसायची. गोष्टीतली हट्टी पोर मीच होते आणि लहानपणी माझं कौतुक व्हायच्या जागा फार नव्हत्या, म्हणून मला तो किस्सा आवडायचा. त्यात नेमकं काय सांगितलं जात होतं, ते कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

आमच्याकडे बाईला दिवस गेले की तिच्या खोलीत गुटगुटीत बाळाचा फोटो लावतात. सकाळी डोळे उघडले की पहिली नजर त्याच्यावर पडली पाहिजे, म्हणजे तसंच लेकरू होतं म्हणे. बाजारात मिळणारी चित्रं बहुतेक गोऱ्या, भुऱ्या केसांच्या परदेशी बाळांची. शोकेसमधलं बाळ मात्र आपल्यातलं होतं, तीट लावलेलं, टोपडं घातलेलं. लोक काकांकडे त्याची कॉपी मागायला लागले आणि काका करून द्यायला लागले. नळदुर्ग, जळकोट, तामलवाडी, पार माकणीपर्यंत माझा फोटो पलंगासमोरच्या भिंतींवर लागला. किती बायकांनी मला बघत नऊ महिने काढले ते देवीलाच माहीत.

आणि ते डोळे आजारी होते.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि बारीक वाटेनं निघून जात असतं. माझ्या डोळ्यांत ती वाट जन्मापासूनच नीट झालेली नव्हती. पाणी तुंबलं, आतला दाब वाढला. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा आकार अशा दाबानं बदलत नाही. तान्ह्या लेकराचा डोळा मऊ असतो, तो फुगतो. म्हणजे मागची नस दाबून मरत होती आणि पुढून लोक म्हणत होते, काय डोळे आहेत पोरीचे. याला जन्मजात काचबिंदू म्हणतात. पाणी येतं म्हणून आजी आईचं दूध डोळ्यात पिळायला सांगायची, उजेड सोसत नाही म्हणून सगळे म्हणायचे पोर लाजाळू आहे, आणि दृष्ट लागू नये म्हणून काजळ दिवसातून दोनदा. सातव्या महिन्यात लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी मला दारात उजेडाला नेलं आणि आईला विचारलं की उजवं बुबुळ असं दुधासारखं कधीपासून आहे. आईला वाटत होतं ते काजळामुळं तसं दिसतंय.

सोलापूरला दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, उजव्यावर दोनदा. कागदावर लिहिलेलं आहे की शस्त्रक्रिया यशस्वी. तो कागद आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, आता माझ्याकडे आहे. यशस्वी म्हणजे दाब उतरला. गेलेली नस परत येत नाही. उजव्या डोळ्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. डाव्या डोळ्यावर जाड चष्मा लावून मी दवाखान्यातल्या तक्त्याच्या वरच्या काही ओळी वाचते, फळ्यावर लिहिते आणि मुलांच्या वह्या नाकाजवळ धरून तपासते. सोळाव्या वर्षी डाव्याचा दाब पुन्हा चढला आणि पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तिशीत एकदा मी कंटाळून दोन महिने थेंब सोडले. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून वाटलं चालतंय. तेवढ्यात बाजूचं दिसणं कमी झालं, ते कायमचं. आता डावीकडूनही कुणी आलं तर अंगावर आल्यावरच कळतं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई नव्या डॉक्टरांना बोलावून माझा डोळा दाखवतात. त्या एकदा म्हणाल्या की लहानपणी ऑपरेशन झालेली बरीच मुलं काही वर्षांनी यायची बंद होतात, बरं वाटतंय म्हणून, आणि परत येतात तेव्हा उरलेलं गेलेलं असतं. बेचाळिसाव्या वर्षीही दर चार महिन्यांनी येणारी मी त्यांना कौतुकाची वाटते. मला त्या कौतुकाचा राग येतो, तरी मी जाते.

मी सात महिन्यांची असताना, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर, वडील काकांकडे गेले होते. म्हणाले, पोरीचं असं झालंय, आता तो फोटो शोकेसमध्ये नको. काका म्हणाले की बाळ तेच आहे, रूप तेच आहे, आजार झाला त्यात फोटोचा काय दोष. वडील मऊ माणूस. त्यांनी चहा घेतला आणि परत आले. घरातला फोटो मात्र आईनं भिंतीवरून उतरवून पेटीत उपडा ठेवला, हॉस्पिटलच्या कागदांच्या खाली.

तेविसाव्या वर्षी तामलवाडीचे पाहुणे मला बघायला आले. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या आईनं पदरातून सुई आणि दोरा काढला आणि मला ओवायला दिला. तयारीनं आली होती बाई. मी डाव्या डोळ्याजवळ सुई धरून पहिल्या फटक्यात ओवली, कारण आईनं महिनाभर माझ्याकडून तेच करून घेतलं होतं. त्या हसल्या, सुई परत घेतली आणि आठ दिवसांनी निरोप आला. पोरगी चांगली आहे, पण डोळ्यात दोष आहे, उद्या लेकरांत उतरला तर काय करायचं.

दीड वर्षानं एका नात्यातल्या लग्नाला मी तामलवाडीला गेले. आम्हा बायकांची उतरायची सोय ज्या घरात केली होती ते नेमकं त्यांचंच घर निघालं. साडी बदलायला म्हणून मला आतल्या खोलीत पाठवलं. ती त्यांच्या धाकट्या सुनेची खोली. तिला सातवा लागला होता. पलंगासमोर भिंतीवर हिरव्या किनारीच्या टोपड्यात मी होते.

मी साडी बदलली, केस विंचरले, चष्मा काढून हातात घेतला आणि फोटोच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मग सुनेला म्हटलं, जरा सासूबाईंना बोलाव. त्या आल्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"मावशी," मी म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ सुनेला जिला बघायला लावता, तिलाच तुम्ही सुई ओवायला दिली होती."

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही डोळे त्यांच्याकडे उघडे ठेवले, पांढुरका आणि उरलेला. त्या खुर्चीवर चढल्या आणि फोटो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. जेवताना मी दोन वाट्या जास्तीची खीर खाल्ली. पण निघताना ती सून दाराआड उभी राहून पोटावर हात ठेवून रडत होती, आणि तिनं माझं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. तिला मुलगा झाला, धडधाकट, हे मी पुढं मुद्दाम चौकशी करून माहीत करून घेतलं.

त्या लग्नाहून परतताना मी थेट स्टुडिओत गेले आणि काकांना म्हटलं, माझा फोटो उतरवा. ते निगेटिव्ह साफ करत होते. मान वर न करता म्हणाले की ती दुकानाची ओळख आहे, लोक डोळेवाल्या बाळाचा स्टुडिओ म्हणूनच पत्ता सांगतात. मी म्हटलं, बाळाला विचारलंत का. ते हसले आणि काकूंना माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. वडिलांनी घेतला होता आणि त्यामुळंच फोटो तिथं राहिला, असं माझं मत होतं. त्यानंतर दर वर्षी नवरात्रात एकदा जाऊन मी तेच सांगत आले आणि ते तेच उत्तर देत आले.

हे असंच चाललं असतं. गेल्या हिवाळ्यात सोलापूरला तपासणीला गेले होते. बाहेर बाकावर माझ्या शेजारी माकणीकडची एक आजी बसली होती, मांडीवर साडेतीन वर्षांची नात, पलीकडे सून. पोरीनं आजीच्या पदरात तोंड खुपसलेलं होतं. आजीनं मला विचारलं की मी कशासाठी आले, मी सांगितलं, आणि मग ती स्वतःचं सांगायला लागली. पोरगी जन्मली तेव्हा घरात केवढा आनंद. सून गरोदर असताना तुळजापूरहून एक फोटो आणला होता, अगदी त्या फोटोतल्या बाळाचे डोळे घेऊन पोरगी आली. गावात पेढे वाटले. डोळ्यात सारखं पाणी यायचं, पण एवढे मोठे डोळे म्हटल्यावर पाणी यायचंच, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात न्यावं असं कुणाला वाटलंच नाही.

"जसं मागितलं तसं देवीनं दिलं की," आजी म्हणाली. "मग म्हणावं तरी काय आता."

आतून सिस्टर आल्या आणि त्यांनी पोरीच्या आईला समोर बसवून सगळं नीट समजावलं. ऑपरेशननं आता फक्त दाब उतरेल. हे जन्मतःच असतं, त्यात घरच्यांचा दोष नाही, पण पुढचं लेकरू झालं तर पहिल्या आठवड्यात दाखवायला आणा. खुणा तीन. बुबुळ मोठं आणि राखाडी दिसतं, डोळ्यातून पाणी गळतं, आणि उजेड सोसत नाही, लेकरू दिवा लावला की डोळे गच्च मिटतं आणि तोंड फिरवतं.

लाईट लावला की डोळं गच्च मिटायची, तोंड फिरवायची, घळाघळा रडायची. मी बाकावर बसल्या जागी काकांचा आवाज ऐकला. ते इतकी वर्षं, प्रत्येक लग्नात, मांडवभर लोकांना माझ्या आजाराच्या खुणा एकेक करून सांगत होते. लोक हसत होते. माझे आईवडील हसत होते. मीही हसत होते. आणि त्यांच्या हुशारीमुळं फोटोत त्यातलं काहीच उरलं नव्हतं, उरले होते फक्त मोठे डोळे. त्या पोरीनं तेवढ्यात पदरातून तोंड बाहेर काढलं आणि खिडकीचा उजेड लागताच पुन्हा आत घातलं.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की आता विनंती नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. मंगळवारी देवीला गर्दी असते. पहिल्या मंगळवारी सकाळी मी शाळेतला गुंडाळी फळा, एक स्टूल आणि छत्री घेऊन तुळजापूरला गेले आणि शोकेसला लागून रस्त्यावर बसले. फळा काचेच्या कडेला अडकवला. त्यावर वर्गात लिहिते तशा ठळक अक्षरात लिहिलं होतं: या फोटोतलं बाळ मी आहे. हे डोळे सुंदर नव्हते, आजारी होते. बाळाचे डोळे फार मोठे दिसत असतील, पाणी गळत असेल, उजेड सोसत नसेल, तर याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मग मी चष्मा काढला.

मे महिन्याच्या उन्हात चष्म्याशिवाय बसणं म्हणजे माझ्या डोळ्याला शिक्षाच. डावा सारखा वाहत होता, मी पुसत होते. लोक थांबले. कुणी फळा वाचे, कुणी वाचून घेई, मग फोटोकडे बघत, मग माझ्याकडे. एका बाईनं मला नमस्कार केला, तिला मी नवसाला बसलेय असं वाटलं. एकीनं विचारलं की मग मोठे डोळे वाईटच असतात का, तर तिला नीट समजावून सांगितलं की नुसते मोठे असले तर चालतं, पाणी आणि उजेड बघायचा. तासाभरानं काका बाहेर आले. म्हणाले, ऊठ, आत ये, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तुमचीच जाहिरात करतेय, बसू द्या.

त्या दिवशी त्यांच्याकडे एकही बाळ फोटोला आलं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. काकू बाहेर येऊन माझ्याजवळ रडल्या, म्हणाल्या, ह्यांची झोप उडालीय, या वयात. मी म्हटलं, माझा डोळा उडालाय, त्या वयात. मला हे बोलायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही, मी ते आदल्या दिवशीच जुळवून ठेवलं होतं. तिसऱ्या मंगळवारी काका फळा काढायला आले. भोवती दहा-पंधरा माणसं होती. फळ्याला हात न लावताच ते आत गेले.

चौथ्या मंगळवारी दुपारी एक तरुण जोडपं देवळातून खाली येत होतं. बाईच्या खांद्यावर दीड-दोन महिन्यांचं बाळ. फळा वाचायला ती थांबली आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. बाळानं तोंड तिच्या मानेत घातलेलं होतं, खांदा ओला झालेला होता. तिनं मला हळूच विचारलं की उन्हामुळं असेल का. काका दारात उभे होते. त्यांनी त्या बाईला आत सावलीला बोलावलं. मी मागोमाग गेले, कारण मला वाटलं ते तिची समजूत घालून वाटेला लावतील.

बाळ स्टुलावरच्या गादीवर ठेवलं. आत अंधुक होतं, काही वेळानं त्यानं डोळे उघडले. मोठे होते. काकांनी भिंतीवरचं बटण दाबून एक दिवा लावला. बाळानं डोळे गच्च मिटले, मान वळवली आणि गालांवरून पाणी ओघळायला लागलं. काकांनी लगेच दिवा बंद केला. थोड्या वेळानं बाळानं पुन्हा डोळे उघडले. काका दिव्याजवळच उभे राहिले आणि मग खाली बसले, गादीच्या शेजारी, जमिनीवर.

"अगदी असंच," ते म्हणाले. "असंच करत हुतीस तू."

मी बाळाचे गाल पुसले.

"आन् बुबुळ राखाडी हुतं. फोटोत तसंच आलं हुतं. म्या टचिंग केलं. ब्रशनं काळं भरलं, वर पांढरा ठिपका दिला. मला वाटलं, फोटो बिघडला."

चाळीस वर्षं ज्या डोळ्यांवर लोक भाळले ते काकांनी रंगवलेले होते. खरे माझे डोळे त्या फोटोत कधी नव्हतेच. मला त्या क्षणी त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्यांचं वय झालेलं आहे म्हणून दिली नाही असं नाही, बाळ मध्ये होतं म्हणून दिली नाही. मी त्या जोडप्याला सोलापूरच्या हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि दोघांना दुपारच्या बसमध्ये स्वतः बसवून दिलं.

त्या बाळाचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. दोन्ही डोळ्यांचा दाब उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नसा बऱ्याच शाबूत आहेत, लेकरू बघेल, चष्मा लागेल, पण बघेल. मी त्याच्या आईला बजावलं की ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून घरी बसू नकोस, थेंब आणि तपासणी हे याच्या जन्माला बांधलेलं आहे, मी बेचाळिसाव्या वर्षीही त्यातच आहे. ती दर तपासणीनंतर मला फोन करते. मागच्या महिन्यात म्हणाली की आता तो मुंगीच्या मागं रांगत जातो. मुंगी मला जमिनीवर कधीच दिसलेली नाही.

माकणीच्या त्या पोरीबद्दल मी विचारलं. तिच्या डाव्या डोळ्याला अंधुक दिसतं. ती येते तपासणीला, आजी आणते.

काकांनी कॉप्या करून द्यायचं बंद केलं. बाळाचा फोटो काढताना ते आता आधी दिवा लावून बघतात, आणि शंका आली तर मला फोन करतात. दोनदा केला. एकदा काही नव्हतं, एकदा होतं. हे चांगलं काम आहे, आणि मी त्याबद्दल त्यांना एकदाही शाबासकी दिलेली नाही.

या नवरात्रात मी नेहमीप्रमाणे गेले. ते दुकानाच्या पायरीवर त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. मी काही म्हणायच्या आधी तेच म्हणाले.

"फोटो काढू का आता खाली? मला बघवत न्हाय."

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. मी शोकेसकडे पाहिलं. पिवळं झबलं, हिरवी किनार, त्यांनी भरलेलं काळं आणि खाली माझ्या अक्षरातला मजकूर, जो मी फळ्यावरून पत्र्यावर रंगवून कायमचा लावून घेतला आहे. दोन बायका काचेपाशी उभं राहून तो वाचत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "राहू द्या."

मग मला दिसलं की त्यांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडली आहे, पाठ फोटोकडे. मी त्यांना हात देऊन उठवलं, खुर्ची फोटोकडे फिरवली आणि त्यांना परत बसवलं. काकूंनी चहा आणला. या वेळी मी घेतला.